तलावाची दुरुस्ती कोरड्या बाजूने सुरू करा

उन्हाळा लागला की जुन्या मातीच्या तलावांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं निघतात. पहिली बाब ठरलेली, पाण्याकडचं पिचिंग, म्हणजे उतारावर दगड बसवणं. दुसरी, माथ्यावर मुरूम. दोन्ही फोटोत झकास दिसतात. भराव, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, मात्र पुष्कळदा पोखरला जातो मागच्या अंगाने, पायथ्याशी, जिथे बाभळी माजलेल्या असतात आणि कुणी उतरून बघत नाही. म्हणून पैसा थोडा असेल तर आधी मागे उतरा, पिचिंग पुढच्या वर्षी.

पाझर दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही. मातीचं धरण पाझरणारच. पाझर स्वच्छ हवा आणि मोजलेला हवा. टो ड्रेनच्या, म्हणजे मागच्या पायथ्याशी पाझर गोळा करणाऱ्या चराच्या, तोंडाशी 90 अंशाची व्ही खाच कापलेला पत्रा बसवा. खाचेच्या तळटोकापासून 5 सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, 10 सेंमी म्हणजे जवळजवळ साडेचार लिटर. आकड्याशेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी लिहायचीच, नाहीतर नोंद वाया. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर आत काहीतरी बदललंय. पाऊस नसताना एकाएकी घटला तरी खूश होऊ नका. बऱ्याचदा निचरा बुजलेला असतो आणि पाणी भरावात वर चढत असतं. थोडं ओलसर गवत मधल्या उतारावर, भर उन्हाळ्यात हिरवंगार? तिथे खुणेची खुंटी ठोकून ठेवा.

पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर भराव आतून धुपतोय. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. कुणी भोकात काळी माती दाबतं, कुणी सिमेंटचा गिलावा करतं. भोक बुजलं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं. पाण्याला वाट द्यायची, अडवायची ती माती. त्यासाठी आधी स्वच्छ जाड वाळू निदान 30 सेंमी, तिच्यावर 10 ते 20 मिमीची खडी, सर्वांत वर दगड. उकळी, म्हणजे जमिनीतून वर उसळणारा पाझर, इतकी जोरात असेल की वाळू उधळते, तर आधी खडी टाकून तिचा जोर मोडायचा आणि मग हाच क्रम. नुसते मोठे दगड लोटले तर माती त्यांच्या फटींतून खुशाल निघून जाते.

झाडं तोडली म्हणजे काम झालं, हाही असाच एक समज. खोड वर तोडलं, मुळं आत कुजली, की मनगटाएवढी तयार नळी पाण्याला मिळते. तलाव रिकामा असताना मुळासकट खणायचं, खड्ड्याच्या कडा उतरत्या करायच्या आणि भरावासारखीच माती 15 सेंमीच्या थरांत, ओलावून, धुम्मसाने ठोकून भरायची. 2019 मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांचं नाव पुढे आलं आणि राज्यभर चेष्टा झाली. खेकडे आणि घुशी भोकं पाडतात हे खरंच आहे. पण पाडलेलं भोक महिनोन्महिने तसंच ठेवणारा खेकडा नसतो.

विमोचकाकडे, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या वाटेकडे, तर विशेष लक्ष हवं. भरावाखालून जाणारा पाईप किंवा मोरी ही परकी वस्तू. तिच्या कडेने माती नीट दाबली जात नाही, पाणी तीच शिवण शोधतं. पानशेत धरण 12 जुलै 1961 ला फुटलं तेव्हा विमोचकाची कामं अपुरी होती आणि खचला तो भराव त्याच्याच वरचा. पाईपच्या बाहेरच्या तोंडाशी कडेने पाणी झिरपत असेल तर शेवटच्या भागाभोवती वाळूच्या फिल्टरचा वेढा हवा. तोंडाला सिमेंट थापू नका. गेट पाण्याच्या बाजूलाच हवं. मागच्या बाजूला व्हॉल्व्ह लावून पुढचं गेट उघडं टाकलं, तर भरावाच्या पोटात बारा महिने दाबाचा पाईप राहतो आणि एक सांधा सुटला की संपलं.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, भिंत चढवून साठा वाढवण्याचा उद्योग मला मुळीच मान्य नाही. गावाला वाटतं, फूटभराने काय होतंय? हिशेब करा. 60 मीटर लांबीचा रुंद माथ्याचा सांडवा, वरून 1 मीटर पाणी जाईल अशी सोय. सेकंदाला साधारण 102 घनमीटर निघतात. त्यावर 30 सेंमीची भिंत घातली आणि भरावाची उंची तीच, तर पाण्याला 70 सेंमी उरतात आणि निघतात जेमतेम 60 घनमीटर. पूर मात्र तेवढाच येणार. उरलेलं पाणी मातीच्या माथ्यावरून जायला बघतं. सांडव्यावर रचलेल्या वाळूच्या गोण्यांचंही तेच. सांडव्याचा पुच्छ कालवाही, म्हणजे सांडव्यातलं पाणी पुढे नेणारा चर, बघा. शेवटच्या टप्प्यावर धबधबा तयार झाला की मुरूम खचत खचत मागे सरकतो, दर पावसाळ्यात थोडा, थेट सांडव्याच्या भिंतीपर्यंत. तिथे खडकात रुतवलेली आडवी भिंत आणि खाली जाळीतले दगड लागतात.

गाळ काढताना पोकलेन भरावाच्या पायथ्याजवळ येऊ देऊ नका, तिथली चिकणमाती पाणी अडवायचं काम करत असते. आणि भीतीपोटी भरलेला तलाव झपाट्याने रिकामा केला, तर ओला पुढचा उतार घसरतो.

मृगाच्या आत भरावाजवळ वाळू, खडी आणि दगडांचे वेगवेगळे ढीग हवेत, आणि पायथ्यापर्यंत ट्रॅक्टर उतरेल अशी वाट. ढीग बरेचदा असतात, वाटच नसते. मग पाट्या डोक्यावरून वाहाव्या लागतात, रात्री, पावसात.