गाणं डीकनचं, नाव फ्रेडीचं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' या गाण्याच्या व्हिडिओची ती क्लिप फिरत आली. गुलाबी बिनबाह्यांचा टॉप, काळा चामडी मिनी स्कर्ट, झुपकेदार मिशी आणि हातात व्हॅक्यूम क्लीनर. खाली मजकूर: 'आपल्या पाचगणीच्या फ्रेडीने जगाला ओरडून सांगितलेलं मनातलं गुपित!' गुपित म्हणजे त्याच्या लैंगिकतेचं. त्याखाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. ग्रुपवर वाद घातला की पुढचे आठ दिवस टोमणे खावे लागतात, म्हणून इथे लिहितोय.

पाचगणीचं खरं आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारूख बलसारा, म्हणजे पुढे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, हा पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवायचा. त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' त्यानं लिहिलेलं नाही हो! ते क्वीनमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. शब्द त्याचे, चालही त्याचीच.

डीकन म्हणजे चौघांतला सगळ्यात मुखदुर्बळ. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्यानं एक छोटासा अँप्लिफायर बनवला आणि बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं तो पुढे कितीतरी रेकॉर्डिंग्जमध्ये वापरला. क्वीनच्याच 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ची ती बासलाइन, जी ऐकली की मान आपोआप हलायला लागते, तीही याचीच. 1997 नंतर गडी संगीतातून बाजूला झाला तो झालाच. असा माणूस 'हे माझं आहे' म्हणून भांडायला येत नाही, आणि मग नाव दुसऱ्याचं लागतं.

गाण्याचा सांगाडा जवळपास ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकाराच्या साध्या साच्याचा आहे. हेडफोन लावून मधला सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचा तुकडा, ऐका. तो मेची गिटार समजून लोक माना डोलवतात, पण ती गिटार नाहीच. फ्रेड मँडल या कॅनडियन वादकानं तो सिंथेसायझरवर वाजवलाय. स्वर असे ओढलेत की तार ताणल्याचा भास व्हावा. घरात मेसारखा गिटारवाला बसलेला असताना सोलो बाहेरच्या माणसाला आणि तोही कीबोर्डवर! माझ्या मते गाण्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट ही आहे, स्कर्ट नव्हे.

आणि सोलो संपल्यावर गाणं चक्क उलटं फिरतं. आधी समोरच्याच्या खोटेपणाला विटून निघून जायचंय, मग पहिल्यांदाच प्रेमात पडलोय, आणि इथे येऊन हाच माणूस म्हणतो की तू जवळ नसण्याची सवय होत नाही, एकट्यानं जगायचं नाही. सुटायचंही आहे आणि सुटण्याची धास्तीही आहे. हा गोंधळ कुठल्याही संसारी माणसाच्या डोक्यातला असू शकतो. त्यात फ्रेडीचं गुपित शोधणाऱ्यांनी 'मला सुटायचंय' ही पहिली ओळ ऐकली आणि बाकीचं गाणं सोडून दिलं.

अर्थात, त्यात व्हिडिओचा हात मोठा. 1984 चा तो व्हिडिओ म्हणजे 'कोरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश मालिकेची टिंगल. चौघंही बायकांच्या वेषात: मे केसांना कर्लर लावून, ड्रमर रॉजर टेलर शाळकरी मुलगी आणि आपला डीकन खडूस आजी. कल्पनाही फ्रेडीची नव्हती, टेलरच्या बाजूनं आली असं सांगतात. ब्रिटनमध्ये पुरुषानं बाईचा वेष घालून हसवणं नेहमीचंच. लोक हसले आणि गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत मात्र कपाळाला आठ्या पडल्या आणि ते 45 वर अडकलं. एका मालिकेची थट्टा होती, तिथे ती मालिकाच कुणाला माहीत नव्हती. मग उरली फक्त स्कर्टातली ती मिशी. त्यातून जो अर्थ निघाला तोच आज आपल्या ग्रुपवर फिरतोय.

फ्रेडीचं श्रेय कमी करायचा हेतू नाही. 'गॉड नोज' म्हणताना त्याचा आवाज जिथे जातो, तिथे दुसऱ्या कुणाचा गेला नसता. पण गायक वेगळा, गीतकार-संगीतकार वेगळा, हे लताबाई आणि मदनमोहनच्या देशात समजावून सांगावं लागतं, याची कमाल वाटते.

डीकनला देवही करू नका. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांनी हे गाणं आपलंसं केलं; तिथेही कामी आली ती पहिलीच ओळ. आणि 1984 च्याच ऑक्टोबरमध्ये क्वीननं तिथल्या वर्णद्वेषी राजवटीवरचा कलाकारांचा सांस्कृतिक बहिष्कार मोडून सन सिटी या तिथल्याच रिसॉर्टमध्ये कार्यक्रम केले. त्याबद्दल ब्रिटनच्या वादक संघटनेनं त्यांना दंड ठोठावला. आम्ही राजकारणात पडत नाही, असं बँडचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं असंच वाटतं, आणि त्या स्टेजवर फ्रेडीसोबत डीकनही उभा होता.