ड्रॉपबॉक्समध्ये टाका

आज ऑफिसातून निरोप आला, "मॅडम, तुमच्या वर्गातला तो मुलगा ड्रॉपबॉक्समध्ये टाका, आज शेवटची तारीख." शाळा सोडलेलं, पण दुसऱ्या कुठल्याच शाळेत नाव न लागलेलं मूल यू-डायस प्लस या सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर जिथे ढकलतात तो ड्रॉपबॉक्स. काम दोन मिनिटांत झालं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

हा मुलगा नववीत आल्यापासून बुधवारी यायचा नाही. फक्त बुधवारी. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार नाशिककरांना सांगायला नको. आई भाजी विकते, हा गोण्या उचलायचा. गुरुवारी खांद्यावर सुतळीचे वळ असायचे, आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बुधवारचं गणित उतरवून घ्यायचा. दिवाळीनंतर गुरुवारही बुडायला लागला. मग द्राक्षाचा हंगाम लागला, दिंडोरीकडे गेला तो गेलाच.

हे सगळं हजेरीच्या कॅटलॉगमध्ये आहे, माझ्याच अक्षरात. महिनाअखेर मी टक्के काढून वर पाठवायचे. टक्क्यांत बुधवार दिसत नाही हो!

आधार, अपार म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, जात, उंची, वजन, त्या पोर्टलवर काय काय भरून घेता पोरांचं! मग हजेरी आणि चाचणीचे मार्क शेजारी ठेवून "या चार घरी जाऊन या" एवढं सांगता येत नाही? शिकागोच्या शाळा नववीच्याच निकालावरून मागे पडणारं मूल हेरतात, कित्येक वर्षांपासून. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत, पोषण आहार आठवीपर्यंत. नेमक्या नववीत दोन्ही सुटतात आणि आपण मूल गेल्यावर मोजतो.

अशा यादीने पोरांवर शिक्का बसतो म्हणतात. बसतो, मान्य. मग वर्गशिक्षकापुरती ठेवा ना ती यादी.

मी त्याला एकदा म्हटलं होतं, "आईला शाळेत पाठव." तो नुसता मान हलवून गेला. धंदा सोडून ती माउली कशी येणार होती? आणि मी? मीही त्याच बाजारात भाजीला जाते, दर बुधवारी. चार पावलं पुढे जाऊन तिला शोधलं नाही.

१७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून त्याला अजूनही दहावीला बसवता येईल. या बुधवारी त्याच्या आईला शोधणार आहे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कुणाची ओळख असेल तर प्लीज मला मेसेज करा. नाव इथे लिहीत नाही, फोनवर सांगते.