उजवा इंडिकेटर म्हणजे ‘साईड दिली’ नव्हे

‘पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की रस्ता मोकळा, बिनधास्त ओव्हरटेक करा. हॉर्न दिल्यावर साईड द्यायलाच हवी. नाही दिली तर डावीकडून काढा.’ असला सल्ला ग्रुपवर फिरतो आणि लोक तो खरा मानतात.

आधी इंडिकेटर, कारण सगळ्यात घातक गैरसमज तोच. कायद्याने उजव्या इंडिकेटरचा अर्थ एकच: मी उजवीकडे वळतोय किंवा सरकतोय. काही ड्रायव्हर तो ‘जा पुढे’ म्हणून देतात हे खरं. पण काही जण नेमका उलट, ‘समोरून गाडी येतेय, थांब’ म्हणून देतात. मागच्याने ओळखायचं कसं? एका दुपदरी रस्त्यावर मीही साईड मिळाली समजून अर्धी गाडी बाहेर काढली, आणि ट्रक उजवीकडच्या पंपात वळला. त्याच्या मागच्या चाकाचे नट माझ्या काचेपासून हातभर अंतरावर होते. चूक त्याची नव्हती, माझी होती.

1989 च्या नियमांत साईड देण्याची खूण होती, पण हाताची: उजवा हात बाहेर काढून पुढे-मागे अर्धगोलात हलवायचा. ते नियम जाऊन 2017 मध्ये नवे आले. आणि खूण कुणी केली तरी समोरचा रस्ता आपणच बघायचा असतो. साधा हिशोब करा. ट्रक ताशी 60 ने, तुम्ही 80 ने. पुढे-मागे अंतर राखून त्याला पार करायला साधारण 10 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 220 मीटर जाता आणि समोरून 80 ने येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. म्हणजे जवळपास साडेचारशे मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. वळणावर, चढाच्या माथ्यावर तो दिसतच नाही, म्हणून तिथे मनाई.

हॉर्न ही सूचना आहे, हक्क नाही. ट्रकांवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राने 2015 मध्ये बंद केलं ते उगाच नाही. मात्र कुणी ओव्हरटेक करत असताना पुढच्याने वेग वाढवणं हाही गुन्हाच.

दुपदरी रस्त्यावर डावीकडून फक्त तेव्हाच, जेव्हा पुढची गाडी उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आलेली असते. एरवी डावीकडे सायकलवाला असतो, पायी चाललेली माणसं असतात. नियम मोडून ओव्हरटेक करणं 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये स्पष्टपणे मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, 6 महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही.

‘मग उसाच्या ट्रॉलीमागे रांगतच जायचं का?’ रस्ता दिसेपर्यंत, हो. आणि चिकटून नका राहू. चिकटलात तर फक्त ऊस दिसतो. चार गाड्यांचं अंतर मागे सरकलात की ट्रॉलीच्या बाजूने समोरचा रस्ता दिसायला लागतो.