‘लॉगिन केलं की दोन मिनिटांत दिसतं’ – या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फाय पसरवणाऱ्या डब्यांच्या) सेटिंग्ज लॉगिन केलं की दोन मिनिटांत दिसतात, त्यासाठी एआय एजंटला (आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला) एपीआयचं, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामकडून माहिती मागवायच्या सोयीचं, टूल देणं म्हणजे नसती उठाठेव. वर वाय-फायचा पासवर्ड त्याच्या हाती जाणार. आणि उद्या त्यानेच नेटवर्क बंद केलं, तर व्यापाऱ्याला तोंड कोण देणार?

दुकानात एकच राउटर असेल तर तुमचं शंभर टक्के खरं. ब्राउझर उघडा, बघा, विषय संपला. पण मी लिहीत होतो ते सावद्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज, भुसावळचं ऑफिस आणि जळगावचं गोडाऊन एकत्र सांभाळणाऱ्याबद्दल. वजनकाट्यावरून फोन येतो, ‘पावती निघत नाहीये, वाय-फाय तुटतंय.’ शेजारचे दोन पॉइंट २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकाच चॅनलवर बसलेत का? एकमेकांत न मिसळणारे १, ६, ११ सोडून कुणी मध्येच ४ लावलाय का? कुणी हौसेने चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलीय का? हे सगळं ताडून बघायचं असतं, आणि ट्रक उभा असताना एकेक पान उघडत बसायला वेळ नसतो. एजंट कामाला येतो तो इथे.

आता पासवर्ड. एजंट स्वतः नेटवर्कला हात लावत नाही. अमुक टूल, अमुक ठिकाण, एवढंच मागणं तो लिहून देतो. प्रत्यक्ष विनंती आपला प्रोग्राम करतो आणि एपीआय की, म्हणजे आत शिरायची गुप्त किल्ली, त्या प्रोग्रामजवळच राहते. तरी तुमची भीती पोकळ नाही, कारण इंटरनेटवरून पॉइंट सांभाळणाऱ्या काही क्लाउड प्रणाली एसएसआयडीच्या (वाय-फायच्या नावाच्या) माहितीसोबत पासवर्डही उघडा पाठवतात. आलेलं उत्तर जसंच्या तसं एजंटकडे ढकललं की संपलं. म्हणून काय काढायचं याची यादी करू नका, काय द्यायचं याची करा: नाव, चालू की बंद, सुरक्षेचा प्रकार, बँड, चॅनल, पॉवर. उद्या कंपनीने उत्तरात नवं काही घातलं तरी ते आपोआप बाहेरच राहतं.

नेटवर्क बंद पडण्याचं म्हणाल, तर ‘काही बदलू नकोस’ असं एजंटला बजावून भागत नाही. एजंटला टूल जोडायची सामायिक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, २०२४ मध्ये आली. त्यात टूलवर ‘फक्त वाचन’ अशी खूण लावता येते, पण ती खूण म्हणजे नुसती सूचना, कुलूप नव्हे. कुलूप किल्लीतच हवं. फक्त बघण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं काढा आणि त्याचीच की वापरा. मग एजंटने काहीही मागितलं तरी बदल करायला सर्व्हरच नकार देईल.

एक गंमत, जिच्यामागे धोकाही आहे. एसएसआयडीत ३२ बाइट मावतात. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणून ‘जय खान्देश’ बसतं आणि ‘केळी उत्पादक’ बसत नाही. पण इंग्रजीत तेवढ्या जागेत एखादा छोटा हुकूम आरामात मावतो. आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी एजंटला देणार असाल, तर शेजाऱ्याने ठेवलेलं नाव ही नुसती माहिती आहे, आज्ञा नाही, हे गृहीत धरूनच टूल बांधा. अर्थात वरचं कुलूप असेल तर अशा हुकमाला करायला फारसं काही उरत नाही.

तुम्ही ज्यावर बोट ठेवलं नाहीत, ती गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एपीआय सांगतो ती नोंदवलेली सेटिंग. चॅनल ‘ऑटो’ असेल तर उत्तरही ‘ऑटो’च येणार. रेडिओ या घडीला कुठे बसलाय, ते वेगळं विचारावं लागतं. आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याखाली टांगलेला पॉइंट तापून बंद पडला, तरी क्लाउडमधली नोंद जागच्या जागी असते. एजंट ती वाचून ‘सगळं ठीक आहे’ सांगून मोकळा होईल. म्हणून टूलच्या वर्णनात मी हे वाक्य ठेवतो: ‘दिलेल्या ठिकाणच्या नोंदवलेल्या सेटिंग्ज देतो, पॉइंट आत्ता चालू आहे का, हे यातून कळत नाही, त्यासाठी स्थितीचं टूल वापरा.’ कोणतं टूल कधी बोलवायचं, हे एजंटमागचं एआय मॉडेल मुख्यतः त्या वर्णनावरूनच ठरवतं. त्यामुळे कोडपेक्षा त्या दोन ओळींवर जास्त वेळ घालवा.

शेवटी तुमच्या जिनिंगचं. दोन युनिटांत दोन कंपन्यांचे पॉइंट आहेत म्हणता, तर दोघांचं एकच टूल करायला जाऊ नका, दोन वेगळी ठेवा. पॉवर एकीकडे डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीच्या एककात) मिळते, दुसरीकडे नुसतं ‘जास्त-मध्यम-कमी’. आणि पॉइंटगणिक विनंती न करता शक्य तिथे अख्ख्या ठिकाणाची माहिती एकदम मागवा. सिस्कोच्या मेराकी या क्लाउड प्रणालीत एका संस्थेला सेकंदाला १० विनंत्यांची मर्यादा आहे. ती ओलांडली की ४२९ हा कोड येतो, आणि किती थांबायचं तेही सोबत येतं. तेवढं थांबायचं काम प्रोग्रामला द्या, एजंटवर सोडू नका.