दरवेळी एचएफचीच कांडी भरायची का?

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: पहिल्या पिढीची संकरित गाय चांगली निघाली, तर दुसरी त्याहून चांगली निघणार, एचएफचं (होल्स्टिन फ्रिजियन या जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीचं) रक्त वाढेल तसा नफा वाढेल, देशी रक्तानं फक्त दूध घटतं, म्हणून सलग चार पिढ्या एचएफचीच कांडी (कृत्रिम रेतनाची वीर्याची नळी) भरा. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागलपासून शिरोळपर्यंतची माणसं हे वाचून कांडी ठरवायला लागलीत, म्हणून लिहितोय.

पहिला दावा साफ चुकीचा आहे. देशी गीर गाईला एचएफ भरलं की कालवडीच्या प्रत्येक जनुकजोडीत एक बाजू एचएफची, एक गीरची. या मेळातून येणारा संकराचा जोम, म्हणजे आईबापांच्या सरासरीपेक्षा वासरात दिसणारी जास्तीची ताकद, शंभर टक्के असतो. त्याच कालवडीला पुन्हा एचएफ भरलं की एचएफचं रक्त ७५ टक्क्यांवर जातं, पण जोम ५० वर येतो. पुढच्या पिढीत रक्त साडेसत्त्याऐंशी आणि जोम २५. हा जोम सगळ्यात जास्त दिसतो तो वेळेवर माजावर येण्यात, गाभ धरण्यात, वासरू जगण्यात. दुसरी पिढी उलटायला लागली, म्हणजे गाभ न धरता पुन्हा पुन्हा माजावर यायला लागली, की आपण खुराकाला दोष देतो, खनिज मिश्रण बदलतो; कांडीचा विचारच करत नाही.

त्याच पहिल्या पिढीच्या कालवडीला जर्सी ही दुसरी विदेशी जात भरून बघा. विदेशी रक्त तेवढंच, ७५ टक्के. पण वासराची एक बाजू सगळी जर्सीची आणि दुसरी एचएफ किंवा गीरची, त्यामुळे जोम पूर्ण राहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी अशीच तीन जातींतून उभी राहिली: निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर.

आईचा जोम तर फारच मोलाचा. अमेरिकेत नेब्रास्कात मांसासाठीच्या हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न जातींवर प्रयोग झाले. तिथं मोजमाप होतं एका गाईमागे दूध तोडलेल्या वासरांच्या वजनाचं. संकरानं ते सुमारे २३ टक्क्यांनी वाढलं आणि त्यातला मोठा वाटा गाय स्वतः संकरित असण्याचा होता. त्यांचा धंदा वेगळा, पण गाभ धरणं आणि वासरू वाढवणं हे काम गाईचंच, तिथंही आणि इथंही.

दुसऱ्या दाव्यात लिटरपुरतं तथ्य आहे. पंखे, फॉगर आणि बारमाही हिरवा चारा असेल तर जास्त रक्ताची एचएफ भरपूर दूध देते. पण डेअरीत दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागावर) मिळतो. एचएफची फॅट साडेतीनच्या आसपास, जर्सीची पाचच्या जवळ. आणि वर्षाला एक वेत धरणारी गाय अठरा महिन्यांनी विणाऱ्या गाईपेक्षा परवडते, हे वहीत मांडलं की लगेच दिसतं.

देशी रक्ताबद्दल थोडक्यात. शिरोळच्या उन्हाळ्यात धाप कुणाला लागते आणि गोचिडांच्या तापात आधी कोण पडतं, हे गोठ्यात राबणाऱ्या प्रत्येक वहिनीला ठाऊक आहे. खिल्लार ही आपली देशी जात मुळात ओढकामाची, तिच्यात दूध आणायला एचएफ किंवा जर्सी लागणारच, हे मान्य. पण म्हणून देशी रक्त पुसून टाकायचं नाही.

पुढच्या माजाला रेतन करणाऱ्या दादांना कालवडीच्या आईची आणि बापाची जात सांगा, कांडीचा नंबर वहीत लिहून ठेवा, आणि मगच कुठली कांडी भरायची ते ठरवा.