दिव्याखाली माणिक

ज्याला रत्नांतलं काही कळत नाही त्याने भिंग हातात घेतलं, की ते दुकानातल्या सगळ्यांना लगेच कळतं. भिंग वीतभर लांब धरून खड्यावर वाकलेला तो माणूस म्हणजे मी. खरी रीत उलटी आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, तो हात गालाला टेकवायचा आणि खडा भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणायचा. दुसरा डोळा उघडा ठेवायचा. मिटला तर डोळे लवकर थकतात, शिवाय समोरच्याला वाटतं आपण त्याला डोळा मारतोय. खडा चिमट्याने त्याच्या कमरेला, म्हणजे सगळ्यात रुंद कडेला धरायचा, तोही हलक्या हाताने. जरा जास्त दाबला की टिणकन उडतो आणि पुढची दहा मिनिटं ग्राहक आणि विक्रेता दोघंही जमिनीवर रांगतात.

पण भिंगाची पाळी नंतरची. आधी नुसत्या डोळ्यांनी रंग बघायचा, कारण रंगीत खड्याच्या किमतीतला मोठा वाटा रंगाचाच. त्यातही तीन गोष्टी वेगवेगळ्या: मूळ रंग कुठला, तो किती गडद आणि किती भरदार, म्हणजे किती चटक. माझी फसगत ठरलेली, ती गडद आणि भरदार यांच्यात. दिव्याखाली राजबिंडा दिसणारा काळपट नीलम संध्याकाळी शर्टाच्या बटणासारखा दिसतो.

आणि हा दिवा काही साधासुधा नसतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा भाग जास्त, त्यामुळे माणिक पेटून उठतं आणि नीलम मलूल होतो. थंड पांढऱ्या दिव्याखाली नीलमाचे दिवस येतात. म्हणून खडा घेऊन उठायचं, दारापाशी जायचं, पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि दिवसाच्या उजेडात बघायचा. थेट उन्हात नाही, उन्हात काचही मिरवते. मग पिवळ्या दिव्यात, मग सावलीत. खडा मुठीत घेऊन दाराकडे निघालेल्या ग्राहकाकडे लोक कसे बघतात ते मला माहीत आहे, तरी जायचंच. अलेक्झांड्राइट बिचारा प्रामाणिक: दिवसा हिरवा, बल्बखाली तांबडा, सगळं उघड. बाकीचे हेच धंदे गुपचूप करतात.

डोळ्यांचाही भरवसा नाही. पाचसहा माणकं ओळीने पाहिली की सातवं उगाच फिकं वाटतं. मध्ये थांबून राखाडी काहीतरी बघत बसावं. आणि दोन खडे शेजारी शेजारी ठेवूनच तुलना करावी. पहिला आठवून दुसरा जोखणाऱ्याला आठवते ती फक्त किंमत.

आता पैलू. खडा छापील कागदावर ठेवून सरळ वरून बघायचं. मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर खड्याचं पोट उथळ आहे: उजेड आत फिरून डोळ्याकडे परतण्याऐवजी खालून निसटतो आणि मधोमध फिकी खिडकी पडते. कच्चा दगड चपटा असला की वजन वाचवायला कारागीर असा घाट देतो. खड्यातून वर्तमानपत्र वाचता येत असेल तर तो खडा नव्हे, चष्मा. उलट पोट फार सुटलेलं असलं तर आपण दिसणाऱ्या तोंडाचे नाही, न दिसणाऱ्या ढेरीचे पैसे मोजतो. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम वजन, ढेरीचंसुद्धा. तेवढ्याच कॅरेटचा पाचू माणकापेक्षा मोठा दिसतो तो पाचूची घनता कमी म्हणून; सवलत समजून हुरळू नये. नीलम वाटीभर पाण्यात टाकून बाजूने बघावा. कधी कधी निळा रंग फक्त तळाच्या टोकाशी असतो आणि वरून सगळा खडा निळाभोर भासतो.

आता भिंग. पाचूत भेगा आणि कणांची बागेसारखी गुंतागुंत असायचीच. स्वच्छ, मोठा आणि स्वस्त पाचू दिसला की आनंद नको, संशय हवा. पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांमध्ये बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून पाचू अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचा नाही; तेल निघतं आणि भेगा उघड्या पडतात. माणिक हलवताना आत निळी झळक चमकली तर भेगांत शिसंयुक्त काच असू शकते, आणि ती काच लिंबाच्या रसानेही खराब होते. आत वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर माणिक ज्वाळेत वितळवून बनवलेलं. ही कला 1902 पासून जाहीर आहे, तेव्हा ‘खूप जुना दागिना आहे’ एवढ्यावर विरघळू नये. झिरकॉनमध्ये मागच्या कडा दुहेरी दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून घाबरायचं नाही, तो त्याचा गुणच. आणि स्पिनेल या वेगळ्याच रत्नाच्या तांबड्या खड्याला माणिक समजून बसलात तर लाजू नका. ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ स्पिनेलच आहे.

तापवून रंग सुधारणं माणिक-नीलमात सर्रास चालतं. न तापवलेल्या चांगल्या खड्याला मात्र बराच जास्त भाव मिळतो. हा फरक भिंगातून ओळखल्याचा आव मी आणत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल मागतो.

राहता राहिला बंद पाठीचा दागिना. फिक्या खड्याखाली चकचकीत वर्ख दडवायची ती जुनीच सोय. तिथे भिंग, कागद, पाण्याची वाटी, कशाचाच उपयोग नाही. ‘खडा काढून दाखवता का?’ एवढंच विचारायचं. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी छटा येते ती कुठल्याही दिव्याखाली सारखीच दिसते.