टेनिसला आखाड्यातला निवेदक पाहिजे

8 जून 2025. पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, अल्काराझ-सिनर फायनल आम्ही पाच जणांनी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी बसून बघितली. 5 तास 29 मिनिटं चालली. चौथ्या सेटमध्ये सिनर 5-3 नं पुढं, सर्व्हिस अल्काराझची आणि स्कोअर 0-40, म्हणजे सिनरला मॅच संपवायला तीन संधी. तिथून तिन्ही पॉइंट वाचवून अल्काराझ जिंकला. मध्यरात्र उलटली तरी कुणी उठायला तयार नव्हतं, कारण भांडण तेव्हाच सुरू झालं होतं.

आमचा एक मित्र म्हणाला, "अल्काराझ कलाकार आहे बघ. सिनर म्हणजे मशीन."

हा 'मशीन' शब्द त्याचा नव्हे. संध्याकाळपासून टीव्हीवर तो कानावर पडत होता. आधी तोच जोकोविचला चिकटवला होता, त्याच्याही आधी लेंडलला. मला या शब्दाचा मनापासून राग आहे. सिनर बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून उभा राहतो, चेंडू वर चढायच्या आत घेतो आणि दोन्ही बाजूंनी खोल मारतो. समोरच्याला पाय लावायलाही वेळ मिळत नाही. यासाठी नजर लागते, तोल लागतो. लहानपणी तो स्कीइंग करायचा हे शंभरदा सांगून झालंय. पण धावत जाऊन पाय घसरवत मारतानाही त्याचं डोकं कसं स्थिर राहतं, ते एकदा तरी संथ गतीत दाखवून समजावा की. 'मशीन' म्हटलं की समजावायचं काम संपतं.

फेडरर-नदालच्या काळात हेच झालं. फेडरर कवी, नदाल मजूर. आमच्याकडंही दोन तट होते आणि मी स्वतः कित्येक वर्षं फेडररवाला होतो. माझं मत फिरवलं ते आमच्या आण्णांनी, म्हणजे थोरल्या काकांनी. त्यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नाही. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताची शेती, आणि तरुणपणी तालीम. 2008 ची विम्बल्डन फायनल मी गावातच बघितली. लावणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात राबून आण्णा माझ्याशेजारी येऊन बसले. तिकडं लंडनला पाऊस, इकडं आमच्या कौलांवर पाऊस. मॅच थांबत थांबत आपल्याकडची रात्रीची पावणेदोनची वेळ झाली. नदाल 6-4, 6-4, 6-7, 6-7, 9-7.

तिसऱ्या सेटमध्ये आण्णांनी विचारलं, "ह्यो डावरा सारखं त्याच्या एकाच अंगाला का मारालाय?"

त्या क्षणी टीव्हीवरची इंग्रजी मंडळी पाहुण्यांच्या कक्षात कोण कोण बसलंय ते सांगत होती. मीच मग माझ्या परीनं सांगितलं. डावखुऱ्या नदालचा फोरहँड तिरका फेडररच्या बॅकहँडला, म्हणजे त्याच्या डाव्या अंगाला जातो. त्या फटक्यावर मिनिटाला सरासरी 3200 च्या आसपास फेरे असतात, म्हणून टप्पा पडला की चेंडू खांद्याच्या वर उसळतो. एका हातानं बॅकहँड मारणाऱ्याला त्या उंचीवर जोर लावता येत नाही. आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे दुखरी जागा घावलीय त्याला. आता ती सोडणार न्हाई." त्या रात्री मला खेळाबद्दल जे कळलं ते आधीच्या दहा वर्षांत कळलं नव्हतं.

आणि ही गोष्ट टीव्हीवर दिसत नाही, हे मुद्दाम सांगतो. कॅमेरा बेसलाइनच्या मागं उंचावर असतो. तिथून चेंडूची उसळी चपटी होऊन जाते. खांद्याएवढा उडालेला चेंडू आपल्याला कमरेएवढाच वाटतो. आपण घरी बसून म्हणतो, एवढा सोपा बॅकहँड कसा चुकला! जे कॅमेरा खातो ते परत देणं हेच समालोचकाचं पहिलं काम. स्कोअर तर कोपऱ्यात लिहिलेलाच असतो.

दोघांच्या मॅचमध्ये नदालचं पारडं शेवटी 24-16 असं राहिलं, मातीवर तर 14-2. पण 2017 ला मेलबर्नमध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला, फेडररनं उत्तर शोधलं. रॅकेट आधीच 90 वरून 97 चौरस इंचाची केली होती. बॅकहँड उसळायच्या आत, सपाट मारायला लागला आणि पाचव्या सेटमध्ये 1-3 नं मागं असताना 6-3 नं सेट काढला. मला तो कवी तेव्हा खरा आवडला, कारण पस्तिशीत तो नवीन डाव शिकून आला होता.

आता बेळगावच्या आनंदवाडीच्या कुस्ती आखाड्यात चला. माझ्या मते आपल्या भागातलं उत्तम समालोचन तिथं ऐकायला मिळतं. निवेदक आधी पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सांगतो. खडाखडी, म्हणजे डाव टाकायच्या आधीची झटापट, चालू असताना कोण कुणाचा दम बघतोय ते सांगतो. एकेरी पट काढला, घिस्सा मारला, ढाक लावली, एकेका डावाचं नाव त्याच क्षणी येतं. कोपऱ्यातल्या शेतकऱ्यालाही कळतं की आत काय चाललंय. आणि कुस्ती रंगात आली, डाव बसला, की तो थांबतो. तेव्हा फक्त हलगी. मला वाटतं त्या माणसाला माहीत असतं की आता त्याच्या शब्दापेक्षा मैदानाचा श्वास मोठा आहे. टेनिसवाले चेंडू खेळात असताना बोलतात! सर्व्हिस उडालीय आणि यांचा किस्सा अजून अर्ध्यातच.

सगळे तसे नाहीत. विजय अमृतराज बोलायला लागले की मी आवाज वाढवतो. 1973 आणि 1981 ला ते विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचले होते आणि दोन्ही वेळा पाच सेटमध्ये हरले. 1981 ला तर कॉनर्सविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून. आघाडी हातात असताना माणसाचा दंड कसा जड होतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. ते कमी बोलतात आणि खेळाडूला नावं ठेवत नाहीत.

आणखी एक सल. सर्व्ह-अँड-व्हॉली, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडं धावायचा खेळ, मेली म्हणून गळा काढणारे खूप. एडबर्गचा खेळ बघून मीही हळहळतो. पण का मेली ते सांगा ना! विम्बल्डननं 2001 पासून पूर्ण राय गवत लावलं, खालची जमीन टणक झाली, चेंडू उसळायला लागला. त्याआधीच 1997 ला ब्राझीलचा कुएर्टन रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा लावून पॅरिस जिंकला होता, आणि त्या तारांवर सगळ्यांचेच फटके जास्त फिरायला लागले. नेटकडं धावणाऱ्याच्या पायाशी चेंडू बुडायला लागल्यावर कोण धावेल? भाताच्या खाचरात जोंधळा का येत नाही म्हणून शेतकऱ्याला दोष देता काय?

दुहेरीचं तर बोलायलाच नको. आपल्याच कोडगूचा रोहन बोपण्णा 2024 ला 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. दिवसभर फक्त वय ऐकलं. सर्व्हिसच्या आधी जोडीदार नेटजवळ मधोमध वाकून का बसतो आणि पाठीमागं बोटांनी काय खुणावतो, हे घरातल्या पोरांना मी सांगितलं.

टेनिसचं मराठीत समालोचन मी अजून ऐकलेलं नाही. आमच्या गल्लीत घरात मराठी, दुकानात कन्नड, टीव्हीवर हिंदी-इंग्रजी, सगळं कळतं. तरी डाव आपल्या भाषेत कळला की तो अंगात उतरतो. आपणच मराठीत बोलू म्हटलं, तर शब्द कुठून आणायचे म्हणून मित्र अडून बसले होते. आण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. परवा गावी गेलो तेव्हा पॅरिसची मॅच त्यांना मोबाईलवर दाखवली, आवाज बंद करून. अल्काराझनं जोरात मारायचा आव आणून चेंडू नेटपलीकडं अलगद टाकला, सिनर धावत सुटला, आणि आण्णा एकच शब्द बोलले.

"हूल दिली."

ड्रॉप शॉटला आमच्या घरात आता हाच शब्द आहे. लांबलेल्या रॅलीला खडाखडी म्हणतोय. टॉपस्पिनवर, म्हणजे नदालच्या त्या फिरत्या, उसळत्या फटक्यावर, अडलोय, 'फिरकी' क्रिकेटवाल्यांनी नेलीय. निपाणी, चंदगड, खानापूरकडच्या मंडळींनो, तुमच्याकडं काही असेल तर खाली लिहा. पुढच्या फायनलला आवाज बंद ठेवून आमच्यातलाच एक जण बोलणार आहे, तोवर लागेल.